मैदान मोडून ग्रंथालय

शिकागो विद्यापीठाच्या इमारती नवख्या माणसाला उघडउघड फसवतात. सत्तावन्नाव्या रस्त्याजवळच्या लोकल स्थानकावर उतरून, पुस्तकांची दुकानं ओलांडत पश्चिमेला चालू लागलं की राखाडी चुनखडीचे बुरूज दिसतात. टोकदार कमानी, भिंतींवर चढलेल्या वेली, छपराच्या कडेवरून वाकून बघणारे दगडी राक्षस. पाचशे वर्षांपूर्वी इथे कुणी ख्रिस्ती साधू दिव्याच्या उजेडात पोथ्या उतरवत बसले असतील, अशी खात्रीच पटते. प्रत्यक्षात १८९० साली इथे वाळू आणि दलदल होती. ऑक्सफर्डचा वेष घेतलेलं हे विद्यापीठ आपल्या फोर्टातल्या राजाबाई टॉवरहून वयाने लहान आहे.

शिकागोत एक विद्यापीठ आधीही होतं. मुंबई विद्यापीठ निघालं त्याच १८५७ साली तेही निघालं, आणि कर्जात रुतून १८८६ मध्ये बंद पडलं. नव्या विद्यापीठाने त्याचं नाव उचललं आणि बोधचिन्हावर राखेतून उठणारा फिनिक्स बसवला. शहरही १८७१ च्या आगीत जळून पुन्हा उभं राहिलेलं, त्यामुळे पक्षी दोन्हीकडून शोभला.

माझी भाची इथे मानववंशशास्त्रात पीएच.डी. करते आहे. मी कमानींचे फोटो काढत होतो तेव्हा ती कंटाळून म्हणाली, "मामा, दगड काय बघतोस! ते पैसे दिले की मिळतात."

पैसे होते जॉन डी. रॉकफेलरचे. स्टँडर्ड ऑइलचा हा मालक देवभोळा बाप्टिस्ट होता. त्याने आधी सहा लाख डॉलर कबूल केले, पण अट घातली की उरलेले चार लाख तुम्ही लोकांकडून उभे करा. जमीन दिली मार्शल फील्ड या दुकानदाराने. अध्यक्ष म्हणून आला विल्यम रेनी हार्पर, येलमधला हिब्रूचा प्राध्यापक, ज्याला अठराव्या वर्षीच डॉक्टरेट मिळाली होती. रॉकफेलरच्या डोळ्यांसमोर एक नेटकं धार्मिक कॉलेज होतं. हार्परच्या डोक्यात जर्मन धर्तीचं संशोधन विद्यापीठ होतं, ज्यात नवं ज्ञान निर्माण करणं हे शिकवण्याइतकंच, किंबहुना त्याहून मोठं काम. या दोन गृहस्थांचं पुढचं नातं म्हणजे दर वर्षी तूट दाखवणारा एक आणि कपाळाला आठ्या घालून ती भरून काढणारा दुसरा. वीसेक वर्षांत रॉकफेलरचे साडेतीन कोटी डॉलर इथे जिरले, आणि आयुष्यातली सर्वांत चांगली गुंतवणूक म्हणून तो याच विद्यापीठाकडे बोट दाखवत असे. प्रार्थनामंदिराला त्याचं नाव लागलं ते तो वारल्यावर, १९३७ मध्ये.

१ ऑक्टोबर १८९२ ला वर्ग सुरू झाले. उद्घाटन नाही, भाषणं नाहीत, नारळ फोडण्याजोगं काहीही नाही. जणू काल सुटलेला तास आज पुढे चालू झाला. मुली पहिल्या दिवसापासून मुलांच्या बरोबरीने वर्गात होत्या. हार्परने जुन्या विद्यापीठांतून नामांकित माणसं दुप्पट पगार देऊन अक्षरशः पळवली. मॅसॅच्युसेट्समधल्या क्लार्क विद्यापीठाचे तर त्याने वर्गच्या वर्ग ओस पाडले. त्या लुटीत अल्बर्ट मायकेलसन होता. प्रकाशाचा वेग मोजणाऱ्या या माणसाला १९०७ साली अमेरिकेचं विज्ञानातलं पहिलं नोबेल मिळालं. हार्पर कर्करोगाने एकोणपन्नासाव्या वर्षी गेला, पण तेवढ्या अवधीत पाचशे वर्षांचं काम उरकून गेला असं वाटतं.

विद्यापीठाचं पहिलं वर्ष संपतं न संपतं तोच दाराशी जत्रा भरली. १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाचा करमणुकीचा भाग दक्षिणेच्या लांबट मैदानात होता, आणि जगातला पहिला फेरिस पाळणा तिथेच फिरत होता. प्रदर्शनाच्याच निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, ते मात्र इथून बरंच दूर, शहराच्या मध्यभागी, आज जिथे कलासंग्रहालय आहे त्या वास्तूत. आपल्याकडून जाणारे बरेच लोक विद्यापीठात येऊन ती जागा विचारतात, म्हणून सांगून ठेवतो.

आता मैदानाची गोष्ट, जिच्यासाठी खरं तर मी लिहायला बसलो.

अमेरिकन विद्यापीठाला फुटबॉल लागतो, म्हणजे तो त्यांचा, हाताने जास्त आणि पायाने कमी खेळायचा. हार्परला हे पक्कं ठाऊक होतं. त्याने एमोस अलोन्झो स्टॅग या प्रशिक्षकाला चक्क प्राध्यापकाचं पद देऊन आणलं, आणि शिकागोचा संघ देशातल्या बलाढ्य संघांत मोडू लागला. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला जो हाइझमन चषक देतात, तो पहिल्यांदा १९३५ मध्ये दिला गेला आणि मिळाला शिकागोच्याच जे बरवँगरला. पण तोवर सूत्रं रॉबर्ट हचिन्सकडे आली होती. तिसाव्या वर्षी अध्यक्ष झालेला हा देखणा, तिरकस जिभेचा माणूस महाग्रंथांच्या वाचनावर जीव टाकणारा आणि व्यायामाच्या नावाने नाक मुरडणारा. १९३९ च्या मोसमात हार्वर्डने शिकागोला ६१-० आणि मिशिगनने ८५-० असं धुतलं. त्याच डिसेंबरमध्ये विद्यापीठाने फुटबॉल बंद करून टाकला. माजी विद्यार्थी हळहळले, वर्तमानपत्रं बुचकळ्यात पडली. पुढे साठच्या दशकात खेळ छोट्या प्रमाणावर परत येऊ लागला, तेव्हा विद्यार्थ्यांनीच मैदानात बसकण मारून निषेध केला. अमेरिकेत विद्यार्थी फुटबॉल नको म्हणून आंदोलन करतात, हे मला विमानात कुणी सांगितलं असतं तर मी थट्टा समजलो असतो.

तर स्टॅग फील्ड या फुटबॉलच्या मैदानाचं भलं मोठं प्रेक्षागार ओस पडलं. त्याच्या पश्चिमेकडच्या सज्जाखाली स्क्वॉशसारखा खेळ खेळायची एक बंदिस्त खोली होती. १९४२ च्या थंडीत भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि त्याच्या सोबत्यांनी त्या खोलीत ग्रॅफाइटच्या विटा रचायला घेतल्या. साडेतीनशे टन ग्रॅफाइट, चाळीसेक टन युरेनियम आणि त्याचं ऑक्साइड, एकावर एक सत्तावन्न थर. हमालीच्या कामाला आसपासच्या वस्तीतली शाळा सोडलेली पोरं होती. काळ्या भुकटीने सगळ्यांची तोंडं कोळसेवाल्यासारखी झालेली, फरशी निसरडी झालेली. अणुभट्टी हा शब्द ऐकला की आपल्यासमोर काँक्रीटचा घुमट येतो. इथे होता विटांचा ढिगारा आणि लाकडी टेकू. ना थंड करण्याची सोय, ना किरणं अडवणारी भिंत. सुरक्षेसाठी एक माणूस कुऱ्हाड घेऊन दोराजवळ उभा केला होता. प्रकरण हाताबाहेर गेलंच तर त्याने दोर तोडायचा आणि वरची कॅडमियमची कांडी खाली पडू द्यायची. ढिगाऱ्याच्या वर आणखी तिघे कॅडमियमचं द्रावण भरलेली भांडी धरून बसले होते.

२ डिसेंबरला सकाळपासून कांडी इंच इंच बाहेर काढणं चाललं होतं. फर्मी गणिताच्या पट्टीवर आकडे ताडून पाहायचा आणि पुढचा इंच सांगायचा. साडेअकराच्या सुमाराला धाडकन आवाज झाला आणि एक सुरक्षा कांडी आपोआप आत पडली, कारण तिची मर्यादा कुणीतरी फार खाली लावून ठेवली होती. सगळ्यांच्या छातीत धस्स झालं. फर्मीने जेवणाची सुट्टी जाहीर केली. जेवण वेळेवर झालं पाहिजे, यावर त्या इटालियन माणसाची श्रद्धा कुठल्याही समीकरणाइतकीच दृढ असावी. दुपारी साडेतीनच्या सुमारास माणसाने सुरू केलेली पहिली स्वयंपोषी अणुसाखळी त्या खोलीत काही मिनिटं चालली. शक्ती म्हणाल तर अर्धा वॅट. टाळ्या वाजल्या नाहीत. युजीन विग्नरने जपून ठेवलेली कियांतीची बाटली काढली, कागदी पेल्यांतून घोट घोट घेतला, आणि बाटलीच्या वेष्टनावर सह्या झाल्या. पांगापांग झाल्यावर लिओ झिलार्ड फर्मीचा हात हातात घेऊन म्हणाला, की हा दिवस मानवजातीच्या इतिहासात काळा म्हणून नोंदला जाईल.

मला चक्रावून सोडलं ते दुसऱ्याच गोष्टीने. बाहेर तीस लाखांहून अधिक वस्तीचं शहर होतं आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं. अणुबाँबच्या प्रकल्पाचा इथला प्रमुख आर्थर कॉम्प्टन याने विद्यापीठाचा अध्यक्ष हचिन्स यालाही विचारलं नव्हतं. विचारलं तर तो नाहीच म्हणणार आणि त्याला नाही म्हणावंच लागणार, असा कॉम्प्टनचा हिशेब होता. ज्या विद्यापीठात एका पुस्तकाच्या अभ्यासक्रमातल्या स्थानावरून वर्ष वर्ष वाद होतात, तिथे हा एकच प्रश्न चर्चेला आला नाही. भरपाई म्हणा हवं तर, पण पुढचा वाद याच आवारात पेटला. १९४५ च्या उन्हाळ्यात बाँब जपानवर टाकू नये, आधी दाखवून इशारा द्यावा, असं सांगणारा अहवाल आणि झिलार्डचं निवेदन इथल्याच प्रयोगशाळेतून निघालं. उपयोग झाला नाही. मध्यरात्रीला किती मिनिटं उरली ते दाखवणारं प्रलयाचं घड्याळ ज्या मासिकाने पुढे सुरू केलं, तेही इथल्याच शास्त्रज्ञांनी त्या वर्षी काढलेलं.

त्या जागी आता हेन्री मूरचं काशाचं शिल्प आहे, दोन पुरुष उंचीचं. एका बाजूने कवटी दिसते, दुसऱ्या बाजूने अणुस्फोटाचा ढग. एक मुलगा त्याच्या चौथऱ्यावर बसून सँडविच खात होता आणि मांडीवरच्या पुस्तकात खुणा करत होता. भाचीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी मात्र बघत राहिलो.

आणि उरलेलं मैदान? तिथे ग्रंथालय आहे. प्रेक्षागार पाडून १९७० साली रेगेन्स्टाइन ग्रंथालय उभं राहिलं, करडं, किल्ल्यासारखं, दिसायला कुरूप आणि वापरायला उत्तम. शेजारी २०११ मध्ये काचेचा एक लंबगोल घुमट आला. घुमटाखाली लोक वाचत बसतात आणि त्यांच्या पायांखाली पन्नास फूट खोल पस्तीस लाख ग्रंथ मावतील एवढी कोठी आहे. तिथे पुस्तकं विषयवार नाहीत, उंचीनुसार पेट्यांत भरलेली आहेत, आणि मागणी नोंदवली की यंत्राचा हात पाचेक मिनिटांत पेटी वर आणतो. कालिदासाशेजारी पशुवैद्यक येत असेल, तर येवो बापडं.

त्या ग्रंथालयातली मराठी पुस्तकं पाहून मी खरा थक्क झालो. कादंबऱ्या, कवितासंग्रह, संतवाङ्मयाच्या आवृत्त्या, कोश, ओळीने. साठच्या दशकातल्या कित्येक पुस्तकांचा इथे येण्याचा मार्ग आपल्या रेशनच्या दुकानावरून जातो. १९५४ च्या पीएल ४८० कायद्याखाली अमेरिकेने आपल्याला गहू दिला, तोच लाल गहू, ज्याच्या पोळ्या वातड होतात म्हणून आमच्या घरी रोज कुरकुर चाले. त्याचे पैसे भारत रुपयांत फेडत असे, आणि ते रुपये अमेरिकेला घरी नेता येत नसत. मग त्यातल्या काही रकमेतून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घ्यावीत अशी तरतूद झाली. अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने १९६२ मध्ये दिल्लीत कचेरी उघडली आणि पुस्तकांचे गठ्ठे निवडक अमेरिकी विद्यापीठांकडे निघाले. शिकागो त्यांत होतंच. गव्हाबरोबर आपल्याकडे गाजरगवत आलं असं म्हणतात. त्यांच्याकडे आपली कविता गेली. सौद्यात कोण फसलं ते ज्याने त्याने ठरवावं.

हे गठ्ठे नुसते येऊन पडले नाहीत. त्यांना मॉरीन पॅटरसनसारखी ग्रंथसूचीकार भेटली, जिने चित्पावनांचा इतिहास आणि १९४८ ची जाळपोळ हा आपल्याला अवघड जाणारा विषय वर्षानुवर्षं अभ्यासला. कवी आणि अनुवादक ए. के. रामानुजन १९९३ मध्ये वारले तोवर इथेच शिकवत होते. इथे मराठीही शिकवली गेली. आणि मोल्सवर्थ! १८५७ साली मुंबईत छापलेली त्याच्या मराठी-इंग्रजी कोशाची आवृत्ती, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, तुळपुळे आणि अॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, हे सगळे या विद्यापीठाने संगणकावर फुकट खुले केले आहेत. सदाशिव पेठेत बसलेला माणूस अडलेला शब्द शोधतो तेव्हा तो बहुधा शिकागोच्या दारात उभा असतो.

कोशांवर यांचा जीवच आहे. ॲसिरियन भाषेचा कोश यांनी १९२१ साली हाती घेतला आणि २०११ साली पुरा केला. नव्वद वर्षं, एकवीस खंड, आणि ती भाषा बोलणारा शेवटचा माणूस जाऊन दोन हजार वर्षं उलटलेली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा संस्कृत महाकोश १९४८ पासून चालू आहे आणि अजून 'अ' अक्षरातच आहे, असं मी भाचीला सांगितलं. ती खो-खो हसेल अशी माझी अपेक्षा होती. ती म्हणाली, "मस्त! किती नीट करत असतील."

ही या जागेची चाल आहे. 'मजा इथे मरायला येते' अशा अर्थाचे सदरे विद्यार्थी अभिमानाने घालतात. प्रवेश अर्जात त्यांना विषम संख्यांमध्ये एवढं विषम काय आहे, असल्या प्रश्नावर निबंध लिहावा लागतो. जानेवारीत, शिकागोचा वारा हाडं गोठवत असताना, आठवडाभर पहाटे उठून व्यायाम करायचा रिवाज आहे. मे महिन्यात जो वस्तुशोधाचा खेळ होतो, त्यात १९९९ साली घरी बनवलेली अणुभट्टी अशी एक वस्तू यादीत होती. दोन पोरांनी ती खरोखरच बनवली. आणि १९४६ पासून दर वर्षी विद्वान प्राध्यापक व्यासपीठावर येऊन ज्यूंच्या सणाला तळतात ती बटाट्याची लाटके श्रेष्ठ की तिकोनी हामांताश श्रेष्ठ, यावर आपापल्या शास्त्राच्या आधाराने वाद घालतात. अजून निकाल लागलेला नाही. फुटबॉल काढून टाकल्यावर या लोकांनी खेळ सोडला नाही, वाद हाच खेळ केला. मिल्टन फ्रीडमनचं खुल्या बाजाराचं अर्थशास्त्र या मातीत का उगवलं ते मला इथे आल्यावर कळलं. ते पटलं नाही, ती गोष्ट वेगळी. नोबेल विजेत्यांचा आकडा विद्यापीठ शंभराच्या घरात सांगतं. त्यात चार दिवस पाहुणचार घेऊन गेलेलेही मोजलेले असावेत अशी मला शंका आहे, पण निम्मा केला तरी तो छाती दडपवणाराच राहतो.

एक गोष्ट मात्र सगळे सांगतात. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर १९३७ पासून विद्यापीठाच्या येर्कीज वेधशाळेत होते, शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात. चाळीसच्या दशकात ते शंभर किलोमीटरहून जास्त अंतर बर्फातून गाडी हाकत एक वर्ग घ्यायला यायचे आणि वर्गात विद्यार्थी असायचे दोन. दोघेही चिनी. त्सुंग-दाओ ली आणि चेन-निंग यांग यांना १९५७ मध्ये नोबेल मिळालं. वर्गातल्या सगळ्यांना पारितोषिक मिळालं आणि शिक्षक राहिला, असं लोक गमतीने म्हणत. १९८३ मध्ये तीही उणीव भरून निघाली. या गोष्टीला एक कडवट किनार आहे, ती सहसा सांगत नाहीत. सुरुवातीला एका डीनने चंद्रशेखरांच्या रंगावरून त्यांना आवारात व्याख्यानं द्यायला हरकत घेतली होती. हचिन्सने ती मोडून काढली.

रंगाचा प्रश्न आवाराच्या आत हचिन्सला सोडवता आला. आवाराबाहेर विद्यापीठाने काय केलं ते ऐकून मी गप्प झालो. काळ्या माणसाला घर विकायचं नाही की भाड्याने द्यायचं नाही, असे करार आसपासचे गोरे घरमालक करत, आणि १९३० आणि ४० च्या दशकांत ते कोर्टात टिकवण्यासाठी विद्यापीठ पैसे पुरवत होतं. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे करार निकामी ठरवल्यावर वस्तीसुधारणा आली. जुन्या चाळी पाडल्या, हजारो गरीब, बहुतेक काळे, कुठल्या कुठे गेले. १९६२ च्या जानेवारीत विद्यापीठाच्याच मालकीच्या घरांत काळ्यांना जागा नाकारतात म्हणून विद्यार्थी अध्यक्षांच्या कचेरीत ठिय्या देऊन बसले. त्यांच्या पुढाऱ्यांत बर्नी सँडर्स नावाचा विद्यार्थी होता. अध्यक्ष होते जॉर्ज बीडल, जनुकशास्त्रातले नोबेल विजेते. विद्यापीठाच्या रुग्णालयाने १९८८ मध्ये प्रौढांचं अपघात आणि गोळीबाराच्या जखमांवरचं केंद्र बंद केलं, तेही अशा भागात जिथे गोळीबार नेहमीचा. ते पुन्हा उघडायला २०१८ उजाडलं, आणि त्याआधी वस्तीतल्या तरुणांनी अनेक वर्षं मोर्चे काढले, अटका सोसल्या. जगातल्या कुठल्याही गोष्टीवर वाद घालायला तयार असलेली ही मंडळी स्वतःच्या घरमालकीवर वाद घालायला फार उशिरा बसली.

आजही विद्यापीठाचे स्वतःचे सशस्त्र पोलीस गल्लीगल्लीत फिरतात, आणि जागोजागी निळ्या दिव्याचे खांब आहेत. बटण दाबलं की मदत येते. रुंद हिरवळीचा पट्टा ओलांडून दक्षिणेला काही मिनिटं चालत गेलो तर दुकानांना फळ्या ठोकलेल्या. भाचीचा प्रबंध याच वस्तीतल्या घरभाड्यावर आहे. विद्यापीठाने एकेकाळी कुणाला कसं हुसकावलं याचे कागद तिला विद्यापीठाच्याच दप्तरखान्यात मिळतात, आणि विद्यापीठच तिला विद्यावेतन देतं. यात तिला काही विचित्र वाटत नाही. "नाहीतर कुणाच्या पैशावर लिहायचं?" असं तिचं म्हणणं.

त्या संध्याकाळी तिच्या प्रबंधाच्या प्रकरणावर चर्चा होती. इथली पद्धत अशी की लेख आधीच सगळ्यांना पाठवायचा, त्या दिवशी तो वाचून दाखवायचा नाही. लिहिणाऱ्याने बसायचं आणि दीड तास बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची. कौतुकाला वेळ ठेवलेला नसतो. मी तिला विचारलं, की भीती नाही का वाटत? ती जिना चढता चढता वळली. "भीती कसली! मागच्या वेळी कुणी काही बोललंच नाही, दोन रात्री झोप नाही मला. तू पण चल, मामा. पण नुसतं बसून नाही चालणार हं, प्रश्न विचारावा लागेल."